मोकळी बूम

गोगल हे काही त्याचं खरं नाव नव्हतं, आणि चष्म्याशीही त्याचा काडीचा संबंध नव्हता. मूळ नाव गोगलगाय. वापरून वापरून गाय गळाली आणि गोगल राहिला. नाव ठेवलं भोंग्यानं, शाळेत असताना, आणि भोंग्याचा आवाज शाळेच्या घंटेपेक्षा मोठा असल्यामुळे ते मधल्या सुट्टीच्या आत शिपायापर्यंत पोचलं. भोंग्याला भोंग्या हे नाव मात्र कुणी ठेवलं नाही. त्यानं तोंड उघडलं आणि ते आपोआप पडलं.

तर गोगल. आळशी म्हणाल, तर नव्हता. मंद म्हणाल, तर तेही नाही. काही लोकांना शिट्टी वाजवता येत नाही ना, तशी त्याला घाई करता यायची नाही. बुटाची नाडी बांधायला खाली वाकला की वर येईपर्यंत सुट्टी संपलेली. सरांनी विचारलं, "उत्तर येतं का रे?" की हा म्हणायचा, "येतं," आणि उभा राहायचा, आणि ते उत्तर बाहेर येईपर्यंत पुढचे सर दारात. पेपरात निम्मेच प्रश्न सोडवायचा. जे सोडवायचा त्यात एक चूक नसायची, पण निम्म्या पेपराला पहिला नंबर कोण देतो? आणि त्याला काहीही सांगा, कितीही ओरडा, जबाब एकच. "बरं." फळा पूस. बरं. वर्गाबाहेर उभा राहा. बरं. त्यात राग नसायचा, लाचारी नसायची. ऐकलं, करतो, एवढाच त्याचा अर्थ.

लिंबू-चमच्याच्या शर्यतीत भोंग्या दरवर्षी पहिला यायचा. लिंबाला अंगठा लावून यायचा, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं, सरांनाही. गोगल दरवर्षी शेवटचा. एका वर्षी तर बक्षीस वाटप सुरू झालं तरी हा मैदानाच्या मधोमध, चमचा तोंडात, नजर लिंबावर. लोक हसून हसून आडवे. हा आला, शेवटच्या रेघेपाशी थांबला, लिंबू चमच्यातून हातात घेतलं आणि सरांना नेऊन दिलं. त्याचं लिंबू कधी पडलं नाही. कधीच नाही. पण शर्यत जिंकण्याची होती, लिंबू न पाडण्याची नव्हती, त्यामुळे हे कुणी मनावर घेतलं नाही. घेतलं फक्त विज्ञानाच्या बाईंनी. प्रयोगशाळेतली काचेची भांडी इकडून तिकडे न्यायची वेळ आली की त्या बाकीच्यांना हात लावू द्यायच्या नाहीत. "गोगलच्या हातात दे," म्हणायच्या. "उशीर होईल, पण पोचेल."

शाळा सुटल्यावर वर्ग पांगला. कुणी डॉक्टर झालं, कुणी दुकानात बसलं, कुणी कुठल्या कुठे गेलं. भोंग्याच्या आवाजाला साजेसं काम त्याला बांधकामावर मिळालं. उंच क्रेनच्या पायाशी उभं राहून वर बसलेल्याला दिशा सांगायची. आण, थांब, डावीकडे, खाली, अजून खाली. हातात वॉकीटॉकी दिला होता, पण भोंग्याला त्याची गरज नव्हती असं मुकादम म्हणायचा. गोगल तेव्हा एका काचेच्या दुकानात होता आणि तिथला मालक त्याच्या संथपणाला कावला होता. भोंग्याच्या साइटवर क्रेनवाला सोडून गेला, तेव्हा भोंग्यानं याचं नाव सुचवलं. मुकादमानं कपाळाला हात लावला. "अरे, हा वर चढेपर्यंत इमारत जुनी व्हायची."

क्रेन चालवायचं रीतसर शिक्षण गोगलनं घेतलं. परीक्षेला काठोकाठ भरलेली पाण्याची बादली हुकाला लावली होती. ती मैदानाच्या एका टोकाहून उचलायची आणि दुसऱ्या टोकाला आखलेल्या गोलात ठेवायची. बाकीच्यांनी ठेवली तेव्हा गोल ओला झाला. गोगलनं ठेवली तेव्हा परीक्षक चहा पिऊन परत आला होता, पण गोल कोरडा होता. परीक्षकानं बादलीत बोट बुडवून पाहिलं, पाणी खरंच आहे ना म्हणून.

त्यानंतर कितीतरी वर्षं हे दोघं जोडीनं काम करत होते. एक वर, एक खाली. भोंग्या दिवसभर बडबडायचा आणि वरून "बरं" यायचं. क्रेनचा तो लांब आडवा दांडा, त्याला हे लोक बूम म्हणतात, तो गोगलच्या हाताखाली असा फिरायचा की खाली उभ्या माणसाला तो फिरतोय हे लक्षातच येऊ नये. लोखंडाच्या जडच्या जड मोळ्या यायच्या आणि जमिनीला टेकायच्या, धप्प नाही, खण्ण नाही, काही नाही. मुकादम तरी करवादायचाच. "आपला उंटावरचा शहाणा आज जेवण झाल्यावर माल देणार की उद्या?" पण दुसऱ्या साइटवरून जास्त वेगाचा माणूस देतो म्हणाले, तेव्हा हाच मुकादम त्यांच्या अंगावर धावून गेला. कारण गोगलच्या मालाखाली कधी कुणाचं बोट चेचलं नव्हतं. गवंडी, सुतार, सगळे त्याच्या मालाखालून असे जायचे जसं झाडाखालून जावं.

"तुला वर एकट्याला करमतं कसं रे?" भोंग्यानं एकदा विचारलं होतं.

"घर दिसतं ना," गोगल म्हणाला. "स्वयंपाकघराची खिडकी."

"मग काय, बायको डोळा मारते का?"

वरून बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, "बरं." भोंग्या दिवसभर हसत होता. गोगलगाय नि पोटात पाय, म्हणाला.

मग तो दिवस आला. सकाळचीच वेळ, ऊन नुकतं चढलेलं. जिन्याचा एक तयार तुकडा वर घ्यायचा होता. अख्ख्या पायऱ्यांसकट ओतून आणलेला, वजनाला राक्षस. वरच्या मजल्यावर माणसं तो बसवायला उभी होती. गोगलनं तो उचलला, फिरवला, आणि तो त्या माणसांच्या जवळजवळ डोक्यावर आला असताना वॉकीटॉकीत आवाज आला, "थांब."

"काय थांब? येऊ दे की," भोंग्या म्हणाला.

"खालची माणसं बाजूला घे."

आणि जिना मजल्यावर उतरायच्या ऐवजी परत निघाला. भोंग्या चक्रावला. "अरे परत कुठं नेतोस? वाट पाहतायत वरती." जिना आला त्याच वाटेनं, त्याच चालीनं परत आला, अंगणातल्या लाकडी ओंडक्यांच्या वर येऊन थांबला, आणि खाली उतरला. ओंडका करकरलासुद्धा नाही. मग आवाज आला, "हूक काढा." माणसांनी साखळ्या सोडल्या.

"काढलं का?" वरून.

"काढलं," भोंग्या म्हणाला.

"बरं."

हूक वर गेला. भोंग्याला वाटलं, याला वजनात काही गडबड जाणवली असेल, आता सांगेल. वाट पाहिली. हाक मारली. मग मोठ्यानं हाक मारली. भोंग्याची मोठ्यानं मारलेली हाक ऐकून शेजारच्या रस्त्यावरची माणसं थांबली, पण वरून काही आलं नाही. तेव्हा तो शिडीला भिडला. आयुष्यात कधी वर न चढलेला माणूस तो, खालीच उभं राहून ओरडणारा. कसा चढला ते त्यालाही सांगता येत नाही.

गोगल खुर्चीत बसलेला होता. दोन्ही हात मांडीवर. डोकं जरासं बाजूला, काचेला टेकलेलं. डबा मागच्या कोपऱ्यात, न उघडलेला. भोंग्यानं त्याला हलवलं, नावानं हाक मारली, खऱ्या नावानं, जी त्यानं शाळेच्या पहिल्या आठवड्यानंतर कधी मारली नव्हती. मग खालून माणसं आली, सुटकेचं पथक आलं, दोर आले. मुकादम भोंग्याला म्हणाला, "तू खाली उतर. तू त्याच्या घरी जा. बाहेरच्या माणसाच्या तोंडून कळायला नको."

घर काही लांब नव्हतं. भोंग्यानं दार वाजवलं, तर आतून वहिनींचा, गोगलच्या बायकोचा, आवाज, चांगला हसरा. "आज एवढ्या लवकर?" दार उघडलं, आणि समोर भोंग्या. त्यांच्या मागं, ओट्यावर, दोन कप काढून ठेवलेले आणि भांड्यात पाणी उकळून उकळून आटत आलेलं. भोंग्याला वाटलं, कुणी पाहुणे यायचे असतील. त्या क्षणी माणसाला असलं काहीबाही दिसतं आणि लक्षात राहतं. त्याला बोलावं लागलंच नाही. त्याचा आवाज गेलेला पाहूनच त्यांना कळलं.

गोगलला पोचवून आले त्यानंतर वहिनी स्वयंपाकघरात गेल्या नाहीत. खिडकी लावून घेतली, पडदा ओढला, आणि बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या. रडणं नाही, बोलणं नाही. गोगलची आई, म्हणजे भोंग्याच्या शाळेपासूनच्या काकू, त्याच काहीतरी रांधायच्या आणि ताट पुढं सरकवायच्या. ताट तसंच परत. काकूंनी स्वतःचा मुलगा गमावला होता आणि सुनेसाठी त्या स्वतःचं रडं गिळून बसल्या होत्या. त्यांनी भोंग्याला जिन्यात गाठलं.

"ती मला एकच विचारते," काकू म्हणाल्या. "ते घाबरले होते का? एकटे होते, कुणी नव्हतं, ओरडले असतील का? मी काय सांगू? तू होतास खाली. तू सांग तिला काहीतरी. नाहीतर ही पोरगीपण जाईल माझ्या हातची."

"काय सांगू काकू? मला तरी काय ठाऊक?"

"तुला एरवी सांगायला लागत नाही बोल म्हणून."

ते खरंच होतं. पण भोंग्यापाशी सांगण्यासारखं काय होतं? शेवटचा शब्द म्हणे काय, तर "बरं". माणूस जातो तेव्हा काहीतरी जपून ठेवण्यासारखं बोलून जातो अशी आपली समजूत. "बरं" घेऊन तो वहिनींसमोर कुठल्या तोंडानं जाणार? तो त्यांच्या घरी जायचं टाळू लागला. रोज ठरवायचा, रोज दुसऱ्या रस्त्यानं जायचा.

एका रविवारी जुना वर्ग जमला. शाळेनं तोच वर्ग उघडून दिला. बाक आता गुडघ्यांना लागत होते. प्रत्येकजण गोगलची एकेक गोष्ट सांगत होता आणि सगळ्या गोष्टी उशिराच्याच. लिंबू-चमचा निघाला. नाडी निघाली. स्वतःच्या लग्नाला तो कसा सगळ्यांत शेवटी पोचला तेही निघालं. लोक हसत होते आणि हसता हसता डोळे पुसत होते. "आयुष्यभर हळू चालला," कुणीतरी म्हणालं, "आणि गेला मात्र सगळ्यांच्या आधी. आमची वाटही नाही पाहिली गाढवानं."

पहिल्या बाकावरची हुशार मुलगी आता डॉक्टर झाली होती. ती भोंग्याच्या शेजारी बसली होती. भोंग्यानं तिला हळूच विचारलं. तो हळू बोलला हेच तिला नवल वाटलं.

"त्याला खूप दुखलं असेल का?"

तिनं खोटं सांगितलं नाही. "हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फाटली त्याची. हो, दुखतं. त्या दुखण्यात माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही. वेळही फार मिळत नाही." मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "पण त्यानं तो जिना खाली ठेवला ना? तो कसा ठेवला, हे मला डॉक्टर म्हणून सांगता येणार नाही."

भोंग्या घरी आला तो आणखीच गळून. म्हणजे दुखलं होतं. आता वहिनींना हे सांगू?

क्रेन मधले बरेच दिवस बंद होती. चौकशी, सह्या, तपासणी, सगळे सोपस्कार. त्यातच एकदा असा वारा सुटला की गावातल्या पाट्या उडाल्या, झाडं आडवी झाली. मग साइट सुरू झाली आणि नवी ऑपरेटर आली. तरुण बाई, चपळ, शिडी अशी चढली की मुकादम पाहतच राहिला. पहिल्याच सकाळी वॉकीटॉकीत तिचा आवाज आला.

"खाली कोण आहे? एक विचारायचं होतं. बूम मोकळी कुणी सोडली होती?"

आता हे जरा सांगायला हवं. क्रेन दिवसभर चालते तेव्हा बूम ऑपरेटरच्या ताब्यात असते. पण काम संपवून तो उतरतो तेव्हा तिचा ब्रेक काढून ठेवतो, म्हणजे वारा येईल तशी ती स्वतःहून फिरते. वाऱ्याला आडवं उभं राहायचं नाही. ब्रेक तसाच राहिला आणि मोठा वारा आला, तर अख्खी क्रेन कोलमडू शकते, शेजारच्या घरांवर.

"मुकादमानं सोडली असेल," भोंग्या म्हणाला.

मुकादम म्हणाला, "मी? मी वर गेलोच नाही. मला वाटलं तूच सोडलीस. सगळ्यांत आधी तू चढला होतास."

भोंग्यानं तर केबिनमध्ये गोगलशिवाय कशालाच हात लावला नव्हता. ब्रेक कुठं असतो हेही त्याला ठाऊक नव्हतं. मुकादमानं फोन करून पथकवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, आम्हाला यंत्राला हात लावायची परवानगीच नसते. फिटरला विचारलं, तो म्हणाला, मला वाटलं मुकादमानं. म्हणजे प्रत्येकानं दुसऱ्याचं नाव घेऊन विषय मिटवला होता. रोज संध्याकाळी बूम मोकळी बघायची इतकी सवय सगळ्यांना, की त्या दिवशी ती भर सकाळी मोकळी कशी झाली, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा.

भोंग्यानं वॉकीटॉकी तोंडापाशी धरला. "ताई, ते चुकून होतं का? माणूस कोसळला, कोपर लागलं, असं?"

"छे. चालवायच्या मुठीवरचा हात सुटला की सगळं जागच्या जागी थांबतं. उलट आहे ते. मोकळी करायची तर वेगळं बटण आहे, दिवा लागेपर्यंत दाबून धरावं लागतं. आणि नुसती मोकळी नाही केलेली. हूक पूर्ण वर घेतलेला आहे. बूमवरून हूक सरकवणारी ट्रॉली आत आणून ठेवलेली आहे. दिवस संपवताना जसं करायचं तसं, सगळं, नीट क्रमानं. माणूस गडबडीत असता तर यातलं एक तरी राहिलं असतं. मला रोज आठवून आठवून करावं लागतं. म्हणून म्हटलं, ज्यानं केलं त्याला धन्यवाद द्यावेत. त्या वाऱ्यात ही ब्रेकवर असती, तर मी आज इथं बसले नसते. इथं काही उरलंच नसतं."

भोंग्यानं वॉकीटॉकी खाली घेतला. तो अंगणात गेला. जिन्याचा तुकडा अजून तिथंच होता, ओंडक्यांवर, गोगलनं ठेवला तसा. मधले दिवस क्रेनच बंद, तो वर कोण नेणार? भोंग्या त्याच्या खालच्या पायरीवर बसला आणि वर बघायला लागला. एवढी वर्षं तो या माणसाला खालून ओरडत होता. डावीकडे घे, सावकाश, सांभाळून. कुणाला सांगत होता तो सांभाळून? ज्या दुखण्यात स्वतःचं नाव आठवत नाही, त्या दुखण्यात त्यानं माणसं बाजूला घ्यायला सांगितली, जिना ठेवला, साखळ्या सुटल्या का विचारलं, हूक वर घेतला, ट्रॉली आत आणली, बटण दाबून दिवा लागायची वाट पाहिली, आणि मग हात मांडीवर घेतले. मरण घाईत आलं होतं. त्यानं त्यालाही थांबायला लावलं. भोंग्याला त्या क्षणी आपला मित्र आठवत नव्हता, त्याला डोंगरासमोर उभं राहिल्यासारखं वाटत होतं. तो तिथंच रडला, मोठ्यानं, त्याला दुसरं रडणं येतच नाही. माणसं कामं थांबवून उभी राहिली. कुणी हसलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी तो दुसऱ्या रस्त्यानं गेला नाही. थेट गोगलच्या घरी गेला. काकूंनी दार उघडलं. वहिनी होत्या तिथंच, भिंतीला टेकून.

"वहिनी, तुम्ही विचारत होतात ना, तो घाबरला होता का," भोंग्या बसता बसता म्हणाला. "नव्हता. मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. मला बरं वाटावं असं बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. मला आज सकाळी कळलं."

आणि त्यानं सगळं सांगितलं. थांब म्हणाला तेव्हापासून. काहीच वगळलं नाही, डॉक्टरीण काय म्हणाली तेही नाही. "काढलं का, विचारलं. मी म्हटलं काढलं. तर म्हणाला, बरं. तेच शेवटचं. मला सांगायची लाज वाटत होती."

वहिनींच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं. "बरं म्हणाले?"

"बरं."

"मला मागणी घातली तेव्हा माझ्या वडिलांनी पन्नास अटी सांगितल्या होत्या," वहिनी म्हणाल्या. "सगळ्यांना बरं म्हणाले होते." त्या हसल्या की रडल्या ते कळलं नाही. काकू उठून त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

मग भोंग्या बूमचं सांगायला लागला. ती मोकळी कशी सापडली, कुणी सोडली ते कुणालाच कसं ठाऊक नव्हतं. वहिनींनी झटकन मान वर केली.

"ती मी पाहिली होती," त्या म्हणाल्या. "मोकळी झालेली."

"कुठून?"

"खिडकीतून. रोज पाहायचे मी. ते म्हणायचे, बूम वाऱ्यावर डुलायला लागली की समज, मी उतरायला लागलो. आधण ठेव. त्यांच्या हातानं फिरते ती वेगळी, वाऱ्यानं फिरते ती वेगळी. मला ओळखू यायची. त्या दिवशी सकाळीच डुलायला लागली. मला वाटलं, आज लवकर सुटले. मी खुळी, कप काढले. आधण ठेवलं. गाणं गुणगुणत होते भावजी मी. आणि मग तुम्ही आलात, आणि कळलं, ते गेले आणि त्यांचा हात सुटला म्हणून ती डुलत होती. ते मरत होते आणि मी चहा ठेवत होते. मी त्या खिडकीकडे कशी बघू?"

भोंग्याला ते दोन कप आठवले. ते आटत आलेलं पाणी. "आज एवढ्या लवकर?" आयुष्यभर ज्याचं तोंड बंद झालं नाही तो माणूस शब्द शोधत बसला, आणि मग हळू बोलला, एकेक शब्द ठेवत, जसा गोगल माल ठेवायचा.

"वहिनी, हात सुटल्यानं ती मोकळी होत नाही. हात सुटला तर ती जागच्या जागी थांबते. ती नवी ऑपरेटर म्हणाली ते मी तुम्हाला तिच्याच शब्दांत सांगतो. बटण दाबून धरावं लागतं, दिवा लागेपर्यंत. तुम्ही डुलताना पाहिलीत, तेव्हा ते काम त्यानं स्वतः केलेलं होतं. जिवंतपणी. शुद्धीवर. तुम्हाला दिसेल असं."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी लावत होतं, मागं घे, मागं घे असं कुणीतरी सांगत होतं. काकूंनी सुनेचा हात धरला होता, तो तसाच होता.

"म्हणजे मी आधण ठेवलं ते चुकलं नाही," वहिनी म्हणाल्या.

"नाही चुकलं. त्यानं सांगितलं म्हणून ठेवलंत तुम्ही."

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं, उठल्या, आणि स्वयंपाकघरात गेल्या. पडदा सरकवल्याचा आवाज आला, मग खिडकीचा. काकू आणि भोंग्या दारात येऊन उभे राहिले. समोर लांबवर क्रेन दिसत होती, नव्या ऑपरेटरनं दिवस संपवला होता आणि बूम सावकाश वाऱ्याच्या दिशेनं वळत होती. शिडीवरून एक लहानशी आकृती भराभरा खाली येत होती.

"ही फारच घाई करते," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी गॅस पेटवून आधण ठेवलं.